हेही सांगावं लागतं?

(दृश्य: भिंतीवरच्या सूचना, एकामागून एक. "स्वच्छतागृहात जेवू नये." "फोर्कलिफ्टवर कसरती करू नयेत." "कुणाच्याही अंगावर हवा मारू नये.")

निवेदन:

या सूचना कुणी गमतीने लिहिलेल्या नाहीत. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचे नियम 'ओशा' ही सरकारी यंत्रणा करते. तिच्या नियमावलीत पहिल्या दोन्ही गोष्टी कायद्याच्या भाषेत छापलेल्या आहेत. स्वच्छतागृहात खाणंपिणं मना. फोर्कलिफ्टवर, म्हणजे माल उचलायच्या गाडीवर, स्टंट आणि दंगामस्ती मना. फोर्कलिफ्टच्या वर उचललेल्या दांड्यांखालून जायचं नाही की तिथे उभंही राहायचं नाही, मग त्यांवर माल असो वा नसो.

वाचणारा हसतो. "एवढीही अक्कल नसते का माणसाला?"

असते. पण ज्या कामात ती मुरलेली असते, त्याच कामापुरती चालते. शिवाय जिथे रोज वावरतो तिथली भीती मोडते, आणि भीती मोडली की चेष्टामस्करी सुरू होते.

(दृश्य: कारखाना. लेथ मशीन, शेजारी गुंडाळलेला हवेचा पाइप.)

कॉम्प्रेसरच्या हवेने मशीनवरचा कीस झाडतात. सुट्टीची वेळ झाली की तोच पाइप अंगावर फिरवून कपड्यांवरची धूळ उडवायची, ही सवय पार जुनी. त्यातूनच कधीतरी कुणाला सुचतं: शेजारचा वाकलाय, मागून जरा हवा मारू. दचकेल, शिव्या देईल, सगळे हसतील. एवढाच बेत असतो. पण कपड्यांनी ही हवा अडत नाही. आतडं फाटायला जो दाब लागतो, त्याच्या कितीतरी पट दाब त्या पाइपात असतो. एक-दोन सेकंद पुरतात. अशा घटनेची वैद्यकीय नोंद १९०४ सालची सापडते, आणि बातम्या आजही येतात. बातमीत 'मस्करीत' हा शब्द बहुतेक असतोच. पाइप धरणारा वैरी नसतो. दुपारी त्याच्याच डब्यातलं खाल्लेलं असतं.

ओशाचा याबाबतचा नियम आकड्यात आहे: साफसफाईला हवा वापरायची तर दाब ३० पीएसआयच्या (हे दाब मोजायचं एकक) खाली आणा, उडणाऱ्या किसाला आडोसा करा, डोळ्यांना चष्मा लावा. नियम चोख आहे. पण कालच कामाला लागलेल्या पोराला पीएसआय म्हणजे काय ते कुठे ठाऊक? म्हणून भिंतीवर साध्या शब्दांत लिहावं लागतं, की अंगावर हवा मारू नये.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेची नळी, रक्ताच्या बाटल्यांचा फ्रिज.)

इथे मस्करीचा प्रश्नच नाही. इथली माणसं शिकलेली, पदव्या घेतलेली. तरी कित्येक वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या नळीने द्रव तोंडाने ओढत. तसंच शिकवलं जायचं. १८९३ मध्ये फ्रान्समधल्या एका डॉक्टरने असं ओढताना विषमज्वराचे (टायफॉइडचे) जंतू तोंडात घेतले, ही या प्रकारातली पहिली नोंद. अमेरिकेत रक्ताच्या नमुन्यांबाबत "तोंडाने ओढू नये" असा नियम छापून आला १९९१ मध्ये. मधे जवळपास शंभर वर्षं गेली.

त्याच नियमात आणखीही आहे. जिथे रक्त हाताळलं जातं तिथे खाऊ नये, पिऊ नये, ओठांना बाम लावू नये, डोळ्यांतल्या कॉन्टॅक्ट लेन्सना हात लावू नये. आणि रक्त ठेवलेल्या फ्रिजमध्ये खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. हे शेवटचं वाचून अंगावर काटा येतो. पण रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. दुसरा फ्रिज जिना उतरून खाली. इथला हाताशी, थंडगार, खालचा कप्पा रिकामा. वर बाटल्या ओळीने, प्रत्येकीचं बूच घट्ट. दह्याचा डबा तासभर ठेवला तर काय बिघडतं? माणूस मूर्ख नसतो, थकलेला असतो.

(दृश्य: कार्यालय. बंद दाराआड बैठक, टेबलावर कागदपत्रांची चळत.)

सांगण्यामागे आणखी एक कारण आहे, जरा रूक्ष. लिहिलेलं नसेल तर शिक्षा करता येत नाही. भारतात १९४६ च्या कायद्याने ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींचे लेखी नियम, करणं सक्तीचं केलं. गैरवर्तन कशाला म्हणायचं, याची यादी त्यातच. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलं, की यादीत नसलेलं वागणं मालकाला मागाहून गैरवर्तन वाटलं, म्हणून कामगाराला शिक्षा देता येणार नाही. माझ्या मते हे योग्यच झालं. 'साध्या अकलेची गोष्ट' कोणती, हे एकट्या साहेबाच्या मर्जीवर सोडलं, की कामगाराचं काही खरं नाही.

याचा परिणाम असा, की नियमपुस्तिका फुगत जाते. दुसऱ्याचा डबा खाऊ नये. टेबलाशी बसून नखं कापू नयेत. शेकडो जणांना गेलेल्या ईमेलवर सगळ्यांना 'धन्यवाद' पाठवू नये. पासवर्ड स्क्रीनवर चिकटवू नये. असल्या ओळींवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. चिडचिड होते, जीव जात नाही.

(दृश्य: जुनी सूतगिरणी, रेखाचित्र.)

मालकाच्या मर्जीवर सोडलं तर काय होतं, याचा नमुना इंग्लंडमधल्या टिल्डस्ली गावच्या सूतगिरणीत मिळतो. साल १८२३. संपावर गेलेल्या कामगारांनी दंडाची यादीच छापून टाकली. खिडकी उघडी दिसली, एक शिलिंग. शीळ घातली, एक शिलिंग. कामावर मळका आढळला, एक शिलिंग. अंग धुताना आढळला, तरी एक शिलिंग. आजारी पडला आणि बदली माणूस दिला नाही, तर वाया गेलेल्या वाफेपोटी दिवसाला सहा शिलिंग. म्हणजे मळलात तरी दंड, धुतलंत तरी दंड. साधी अक्कल कुणाची हरवली होती, ते तुम्हीच ठरवा.

सांगण्याची गरज वरच्यांनाही असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ ची. कामाच्या ठिकाणी कुणाला मारू नये, छळू नये, लैंगिक त्रास देऊ नये, यासाठीचा तिचा स्वतंत्र करार, क्रमांक १९०, मंजूर झाला २०१९ मध्ये. शंभर वर्षांनी! आणि करार कुठेकुठे लागू, तेही फोडून सांगावं लागलं: विश्रांतीची जागा, स्वच्छतागृह, कामानिमित्तचा प्रवास, ईमेल आणि फोनसुद्धा.

(दृश्य: लोखंडी दार, बाहेरून कडी.)

कामाच्या वेळेत बाहेर पडायचं दार बंद ठेवू नये. यापेक्षा सोपा नियम सापडणार नाही. न्यूयॉर्कमध्ये तो १९११ च्या आधीच कायद्यात होता. त्या वर्षी मार्चमध्ये ट्रँगल कपडे कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. कामगार माल चोरतील, अशी मालकांना धास्ती. १४६ जण गेले. खटल्यात मालक निर्दोष सुटले.

८० वर्षांनी, सप्टेंबर १९९१ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनातल्या हॅम्लेट गावच्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्यात पुन्हा तेच. बंद दारं, चोरीचीच शंका, २५ मृत्यू. या वेळी मालकाने गुन्हा कबूल केला आणि त्याला जवळपास २० वर्षांची शिक्षा झाली. दाराचा नियम तेव्हाही लागू होता. कारखाना ११ वर्षं चालू होता, आणि त्या ११ वर्षांत सुरक्षा निरीक्षक तिथे एकदाही फिरकला नव्हता.