क्लायंटकडची नोकरी आणि आडवं येणारं कलम

[हिंजवडी, सकाळ. कंपनीच्या बसमधून उतरणारी माणसं. कॅमेरा गळ्यातल्या ओळखपत्रांवर.]

एकाच माणसाच्या गळ्यात दोन ओळखपत्रं. एक पगार देणाऱ्या कंपनीचं, दुसरं क्लायंटचं, ज्याच्या जागेत बसून रोजचं काम चालतं. दोन-तीन वर्षं अशी गेली की क्लायंटचा मॅनेजर एखाद्या दिवशी चहाच्या वेळी विषय काढतो, "आमच्याकडेच का येत नाही?" पगार वाढणार, काम तेच, कदाचित खुर्चीही तीच. त्या रात्री घरी नेमणूकपत्र शोधलं जातं आणि सही करताना नजरेआड झालेलं कलम सापडतं : नोकरी सोडल्यानंतर १२ महिने कंपनीच्या कोणत्याही ग्राहकाकडे काम करणार नाही.

हे वाचून कितीतरी जण क्लायंटला नकार कळवून मोकळे होतात. पण खरी अडचण बहुतेक वेळा या कागदात नसते.

भारतीय करार कायदा १८७२चा. त्याचं कलम २७ सांगतं की कोणालाही कायदेशीर पेशा, व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. या कलमात लिहिलेला अपवाद एकच : धंदा नावलौकिकासकट विकणाऱ्याला, तोच धंदा शेजारी थाटू नकोस, अशी वाजवी अट घालता येते. बंदी वाजवी मुदतीची असेल तर चालेल, असा विचार इंग्लंडची न्यायालयं करतात. आपल्या कलमात ती सवलतच नाही. म्हणून नोकरी संपल्यानंतरची बंदी १२ महिन्यांची असो की सहा महिन्यांची, कायद्याच्या नजरेत फरक पडत नाही.

[कल्याण. जुन्या गिरणीची चिमणी, रेल्वेमार्ग.]

नोकरी चालू असतानाची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती ठरली कल्याणच्या एका खटल्यात. सेंच्युरी स्पिनिंगच्या टायर कॉर्ड कारखान्यात निरंजन शंकर गोलिकरी १९६३ साली शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या करारावर लागले. परदेशी कंपन्यांकडून घेतलेलं तंत्र त्यांना शिकवण्यात आलं. १९६४मध्ये ते करार अर्धवट सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा मनाई हुकूम कायम ठेवला, पण तो पाच वर्षांची मुदत संपेपर्यंतच, म्हणजे १५ मार्च १९६८पर्यंत. वकिलांच्या नोटिशीत या निकालाचा हवाला दिसला की तारखा आठवा. ती बंदी करार चालू असतानाची होती.

करार संपल्यावर काय, याचं उत्तर २००६च्या निकालात स्वच्छ मिळतं. श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान आणि त्याच्या जाहिरातींचं काम पाहणारी कंपनी पर्सेप्ट डी'मार्क यांचा करार तीन वर्षांचा होता, आणि मुदतीनंतर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव स्वीकारण्याआधी पर्सेप्टला त्याच अटींवर पहिली संधी द्यायची, असं कलम त्यात होतं. करार संपल्यावर अशी अट बांधून ठेवू शकत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं मत सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. 'तीन महिने घरी बसा, पगार देतो' असंही काही करारांत असतं. व्हीएफएस ग्लोबल कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तेही मान्य केलं नाही. पैसे दिले म्हणून अडवणूक वैध ठरत नाही.

[काचेची बैठकीची खोली. टेबलावर एक जाड फाइल. माणूस नाही.]

आता तो दुसरा कागद. तुमची कंपनी आणि क्लायंट यांच्यात एक मुख्य सेवा करार असतो. एकमेकांची माणसं ओढायची नाहीत, हे कलम त्यात बहुधा असतंच, काम संपल्यानंतर एक-दोन वर्षांपर्यंतचं. ज्याच्या पोटापाण्याबद्दल हे कलम आहे, त्याची सही त्यावर नसते, त्याला ते दाखवलंही जात नाही. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं. पण न्यायालयं याकडे दोन कंपन्यांमधला व्यवहार म्हणून पाहतात. विप्रो आणि बेकमन कुल्टर यांच्या वादात, २००६मध्येच, दिल्ली उच्च न्यायालयाने असं कलम वैध मानलं. बेकमन कुल्टरच्या नोकरीच्या जाहिरातीची भाषाच अशी होती की तिचा रोख त्यांच्या वितरकाच्या, म्हणजे विप्रोच्या, माणसांकडे जात होता, म्हणून ती 'सर्वांसाठी खुली जाहिरात' ठरली नाही. तरीही रुजू झालेल्या माणसांच्या नोकऱ्यांना न्यायालयाने हात लावला नाही. वाद भरपाईचा, तोही कंपन्यांमधला, असं ठरलं.

या कलमाचे शब्द क्लायंटच्या विधी विभागाने नीट वाचायला हवेत. 'बोलावणार नाही' आणि 'कामावर घेणार नाही' यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात तुम्ही स्वतः खुल्या जाहिरातीला अर्ज केलात तर वाट निघू शकते. दुसऱ्यात तुमच्या कंपनीची लेखी संमती लागतेच. काही करारांत त्याची किंमतही लिहिलेली असते : वार्षिक पगाराच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम भरा आणि माणूस घ्या.

गाडी अडते ती इथे. क्लायंटच्या मॅनेजरने तोंडी शब्द दिला, त्या भरवशावर राजीनामा गेला. मग तुमच्या कंपनीच्या खातेप्रमुखाने क्लायंटच्या खरेदी विभागाला फोन केला. पुढच्या वर्षाचे दर ठरायचे आहेत, एका माणसापायी संबंध कोण बिघडवणार? ऑफर मागे घेतली जाते, आणि माणूस दोन्ही ओळखपत्रं गमावून बसतो.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी क्लायंटच्या एचआरला विचारा, मॅनेजरला नाही : आमच्या कंपनीबरोबरच्या करारात अडथळा आहे का, आणि संमती कोण आणणार? ती क्लायंटने आणायची, तुमचं नाव आणि रुजू होण्याची तारीख घालून, लेखी. तिच्यानंतर पक्कं ऑफर लेटर, आणि राजीनामा सगळ्यात शेवटी, ईमेलने. कामाचा शेवटचा दिवस लेखी मान्य करून घ्या. नोटीस ९० दिवसांची असेल आणि लवकर निघायचं असेल, तर उरलेल्या दिवसांची वसुली मूळ वेतनावर की एकूण पगारावर, हे नेमणूकपत्रात तपासा. तिच्यावर कोणी जीएसटी लावला तर केंद्रीय अर्थ मंत्रालयाचं ऑगस्ट २०२२चं परिपत्रक दाखवा. त्यानुसार तो लागत नाही.

बाँडला मात्र हसण्यावारी नेऊ नका. मे २०२५मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध मानली. सार्वजनिक बँकेला भरतीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, हे त्यात महत्त्वाचं ठरलं. खासगी कंपनीने प्रशिक्षणावर खर्चच केला नसेल, तर करार कायद्याच्या कलम ७४खाली वाजवी भरपाईपलीकडे मागता येत नाही. आकडा कितीही छापलेला असो.

[रात्र. लॅपटॉपचा पडदा, त्यात अडकवलेला पेन ड्राइव्ह.]

आणि एक चूक अशी, जिच्यापुढे कलम २७ वाचवत नाही. शेवटच्या आठवड्यात कोड, दरपत्रकं, ग्राहकांच्या याद्या स्वतःच्या ईमेलवर पाठवणं. डोक्यातलं कौशल्य तुमचं, फाइल कंपनीची. परवानगीशिवाय डेटा उतरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात, आणि साधा नोकरीचा वाद फौजदारी होतो. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, स्वतःचं नेमणूकपत्र एवढंच घ्या.

वकिलाची नोटीस आलीच, तर गप्प बसू नका. तिच्यातल्या मागण्या वेगळ्या करा : नोटीस काळाचे पैसे, बाँड, डेटा, क्लायंटकडे न जाण्याची अट. प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. रिलीव्हिंग लेटर अडवलं असेल, तर मान्य झालेला राजीनामा आणि शेवटच्या दिवसाचा ईमेल नव्या एचआरला द्या. पीएफच्या खात्यात जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर तुम्हाला स्वतःला भरता येते.