तीनशे पर्याय, तीन दिवस

[पुणे स्टेशन. उजाडायला अजून वेळ आहे. पावसाची भुरभुर. लातूर-मुंबई एक्स्प्रेसमधून उतरणारे प्रवासी.]

जुलै २०२५. रात्री बार्शीहून निघालेले हे तिघं जण. वडिलांच्या काखेत फाइल, पावसात भिजू नये म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळलेली. तिच्यात डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर, दहावी-बारावीच्या मार्कशीट. आईच्या हातात डबा. मुलीच्या पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये दोनशे पानी वही.

त्या वहीकडे लक्ष ठेवा.

[वही उघडते. पहिल्या पानावर निळ्या पेनाने आखलेले तीन रकाने.]

एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशपरीक्षेत, मुलीला चौऱ्याण्णव पर्सेंटाइल आहेत. घरी पेढे वाटून झाले, तोवर कुणीतरी विचारलं, "चौऱ्याण्णव टक्के म्हणजे कुठलंही मिळेल की!" पण हे टक्के नाहीत. तिच्या सत्रात पेपर दिलेल्या दर शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण आहेत, एवढाच याचा अर्थ. उरलेले सहा जण तिच्या पुढे आहेत, आणि लाखोंच्या परीक्षेत हे सहा जण म्हणजे हजारो मुलं.

इंजिनिअरिंगचा प्रवेश आता सगळा स्क्रीनवर होतो. राज्याच्या सीईटी सेलची, म्हणजे प्रवेशपरीक्षा कक्षाची कॅप. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया. कागद अपलोड करायचे, तपासून घ्यायचे, मेरिट नंबर आला की ऑप्शन फॉर्म भरायचा. या फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात. कॉलेज आणि शाखा मिळून एक पर्याय, प्रत्येकाचा वेगळा कोड. न पाहिलेल्या तीनशे जागा एका रात्रीत सायबर कॅफेत बसून भरणारी घरं आम्ही पाहिली आहेत. म्हणूनच या कुटुंबाबरोबर तीन दिवस फिरायचं ठरवलं.

[शिवाजीनगर. जुनी दगडी इमारत. पुढे नदीकाठी बांधलेल्या बोटी.]

पहिला दिवस, पहिला मुक्काम सीओईपी, पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. १८५४ साली पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचं हे आजचं रूप. २०२२ पासून तंत्रज्ञान विद्यापीठ. कॅपच्या याद्यांतला या कॉलेजचा वर्षानुवर्षांचा ६००६ हा कोड पाठ असलेली पोरं तुम्हाला गावोगाव भेटतील. इथली कटऑफ, म्हणजे शेवटची जागा जिथे संपते तो पर्सेंटाइल, मुलीच्या आवाक्याबाहेर आहे, हे तिघांनाही माहीत आहे. तरी वडिलांनी आधी इथेच आणलं. "बघून तर ठेव," म्हणाले.

दगडी भिंतीवर हात ठेवून ती किती वेळ उभी होती, ते पडद्यावर दिसतंच आहे.

महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं, तर फार काळ अशी मोजकीच दारं होती. पुण्याचं हे कॉलेज, मुंबईत १८८७ पासूनचं व्हीजेटीआय, सांगलीत १९४७ चं वालचंद, आणखी थोडी. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि तालुक्यातालुक्यात इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या घरात कुणी मॅट्रिक नव्हतं, त्यांची मुलं इंजिनिअर झाली, ती या दारांतून. मात्र तेव्हापासून दार निवडायचं कामही घरावर आलं.

[दुसरा दिवस. काचेचा दर्शनी भाग, कारंजं, गेटवर प्लेसमेंटचे फ्लेक्स.]

या कॉलेजाचं नाव आम्ही घेत नाही. स्वागतकक्षात गार हवा, गुळगुळीत माहितीपत्रक, पाच मिनिटांचा व्हिडिओ. मग सेमिनार हॉल, मग ऑडिटोरियम. सोबतच्या सरांचा स्वभाव गोड आहे. मुलगी दोनदा विचारते, "सर, लॅब बघता येईल?" तिसऱ्यांदा तिची आई विचारते.

[प्रयोगशाळा. ओळीने टेबलं. ऑसिलोस्कोपचा क्लोजअप.]

विजेचे तरंग स्क्रीनवर दाखवणारं हे यंत्र नीट पाहा. स्क्रीनवरची पारदर्शक फिल्म अजून तशीच आहे, कोपरा जरासा सुटलेला. मुलगी वाकून बघते आणि हळूच म्हणते, "पप्पा, ह्याचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही."

भिंतीवर खिळ्याला दोरीने अडकवलेली नोंदवही आहे. शेवटची सही फेब्रुवारीतली. उन्हाळ्याची सुट्टी धरली, तरी मार्च-एप्रिल कोरेच.

वहीतला पहिला रकाना इथे भरला गेला. त्याचं शीर्षक तिनेच दिलंय: 'हात लावतात का'.

दुसऱ्या रकान्यात शिक्षक. नियम साधा आहे. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद. तिच्या निकषाप्रमाणे पदवीच्या वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. साठ जागांची एक तुकडी, चार वर्षं, म्हणजे दोनशे चाळीस मुलं आणि बारा शिक्षक. कॉम्प्युटरच्या तीन तुकड्या असतील, तर छत्तीस शिक्षक लागतात. चांगल्या चाललेल्या संस्थांना शाखेच्या जागा वाढवण्यावर असलेली मर्यादा २०२४-२५ पासून एआयसीटीईने काढली. त्यानंतर तुकड्या भराभर वाढल्या. म्हणून विभागाच्या दारावरच्या पाट्या मोजायच्या. ही माय पाट्या मोजतेय, बोटांच्या पेरांवर.

कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था आहेत, नॅक आणि एनबीए. नॅकची ग्रेड संपूर्ण कॉलेजला मिळते, एनबीएची मान्यता मात्र एकेका शाखेला. गेटवर 'एनबीए मान्यताप्राप्त' लिहिलं असलं, तरी आपल्या शाखेला ती आहे का आणि कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे विचारायलाच हवं. फी किती, हे एजंटला विचारायचं कारण नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली कॉलेजनिहाय फी त्यांच्या संकेतस्थळावर मिळते. आणि मुलींच्या आईबापांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं: ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. होस्टेल, मेस आणि बसचा खर्च वेगळा.

[रात्र. हडपसर. मामाचं घर. जमिनीवर पसरलेले कटऑफचे प्रिंट.]

मामाचं म्हणणं एकच: "कॉम्प्युटर मिळतंय तिथं घ्या, कॉलेज कुठलंही असू दे." त्याच्या बोलण्यात काळजी आहे. मुलीला इलेक्ट्रॉनिक्स हवंय. आठवीपासून घरातला प्रत्येक बंद रेडिओ तिने उघडलाय.

इथे एक गाठ सुटायला हवी. मुलीने बारावी लातूरला केली. त्यामुळे घर बार्शीत असलं, तरी तिचं गृह विद्यापीठ सोलापूरचं धरलं जात नाही; नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ धरलं जातं. पुण्यातल्या बहुतेक खासगी कॉलेजांत सत्तर टक्के जागा पुणे विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी आणि तीस टक्के बाहेरच्यांसाठी असतात. तिची स्पर्धा त्या तीस टक्क्यांत. कटऑफच्या कागदावर तिने बघायची ओळच वेगळी आहे. मामाने हायलायटर फिरवला होता, तो चुकीच्या ओळीवर.

दुसरी गाठ क्रमाची. "वरती अवघड कॉलेज टाकलं की खालचं हातचं जातं," असं घराघरांत ऐकू येतं. तसं होत नाही. संगणक मेरिटप्रमाणे एकेकाचा फॉर्म घेतो आणि वरून खाली पहिली मिळणारी जागा देतो. वरचं न मिळाल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क जात नाही. धोका उलट बाजूला आहे. २०२५ च्या या प्रवेशात चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला, तर ती जागा घ्यावीच लागते. पुढच्या फेरीत जाता येत नाही. नको असलेलं कॉलेज, मामा म्हणाला म्हणून दुसऱ्या नंबरावर टाकलं, तर तेच गळ्यात पडू शकतं.

वेळापत्रकात कागद अपलोड करायला, हरकती नोंदवायला, शुल्क भरायला तारखा आहेत. कॉलेज बघायला एकही नाही. कॅप सुरू होण्याआधी एक ठरावीक दिवस असावा, त्या दिवशी प्रत्येक कॉलेजने प्रयोगशाळा उघड्या ठेवाव्यात आणि आलेल्या पोराने यंत्र चालू करून बघावं. एवढी मागणी करायला आम्ही ही फिल्म केली आहे.

[तिसरा दिवस. जुनी, दुमजली इमारत. भिंतीला ओल. पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप.]

कारंजं नाही. गेटवर वॉचमन आणि एक कुत्रं. पण शेडमध्ये लेथखाली लोखंडाचा किस सांडलाय, अजून झाडलेला नाही. वरच्या लॅबमध्ये, सुट्टी असूनही तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली सोल्डरिंग करत बसल्या आहेत. टेबल डागाळलेलं. हिच्या हातात सोल्डरिंग गन देऊन त्यातली एक म्हणते, "कर की, काही होत नाही."

त्यानंतरचा पाऊण तास आम्ही कॅमेरा बंद केला नाही. तिघींचं काय बोलणं झालं, ते ऐका.

[मूळ आवाज. पाणी किती वाजता येतं, रात्री लायब्ररी किती वाजेपर्यंत, कोणते सर शिकवतात, कोणते नुसतं वाचून दाखवतात.]

दाराबाहेर वडील बाकावर बसलेत. आत यायला सांगितलं, तर म्हणाले, "तिला विचारू द्या. शिकायचं तिला आहे."

या बोलण्यावरून तिसरा रकाना बसमध्ये भरला. ऑप्शन फॉर्ममध्ये तीनशेपैकी बावीस पर्याय टाकले, सगळे तिच्या क्रमाने. दुसऱ्या फेरीत दुसरा पर्याय लागला, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन.

[होस्टेलची खोली. तीन कॉट. आई गादीवर चादर घालतेय. वडील खिडकीची कडी लावून बघतात, उघडतात, पुन्हा लावून बघतात. निवेदन नाही.]