पाडव्यापासून शिमग्यापर्यंत

नमस्कार श्रोतेहो. मी कोल्हापूरचा. जलरंगात निसर्गचित्रं काढतो आणि त्यावरच घर चालवतो. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, हे आज बरंच झालं म्हणायचं. कारण ज्या चित्राबद्दल मला बोलायचंय, ते आता निम्मंच उरलंय.

माझं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते पाडव्याला सुरू होतं आणि शिमग्याला संपतं. मधे थंडीचे तीन-चार महिने प्रदर्शनं, पावसाचे तीन-चार महिने घरकोंबडेपणा आणि उरलेल्या दिवसांत पाठीला बोर्ड लावून भटकंती. आमच्या भाषेत ‘आउटडोअर’. फोल्डिंग स्टूल, ईझल, पाण्याच्या दोन बाटल्या, ट्यूबा, एक जुना टॉवेल आणि बोर्डाला चारी बाजूंनी टेपनं चिकटवलेला कागद. टॉवेलचं महत्त्व न सांगता कळणार नाही. जलरंगात अर्धं काम ब्रशनं होतं आणि अर्धं टॉवेलला ब्रश पुसून.

तर गेल्या वर्षीचा पाडवा झाला आणि चैत्र पौर्णिमेला मी जोतिबाला गेलो. यात्रेच्या दिवशी वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, चित्र काढायला बसणं हा शहाणपणा नव्हे. माणसांचा पूर असतो. उंचच उंच सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या सजवलेल्या काठ्या, नाचत येतात, हलगी-ताशा कानाशी वाजत असतो आणि सगळीकडून एकच आवाज, ‘चांगभलं!’ पहाटेच एका नारळवाल्याच्या ओळखीनं त्याच्या दुकानावरच्या गच्चीत जागा धरली. देवळाची काळ्या दगडाची शिखरं, त्यामागं उजळत चाललेलं आकाश आणि खाली माणसं, एवढंच काढायचं ठरवलं होतं.

आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, दिला. ज्यांनी जलरंग हाताळलेत त्यांना माहीत आहे, वॉश ओला असतो ती पाच-सात मिनिटं जीव मुठीत धरायची असतात. बोर्ड जरा तिरका करून रंग वरून खाली ओढत आणायचा आणि मग हात मागं घ्यायचा. तेवढ्यात खालून सासनकाठी गेली, कुणीतरी मूठभर गुलाल-खोबरं वर उधळलं आणि वाऱ्यानं त्यातला निम्मा गुलाल माझ्या ओल्या आकाशावर आणून टाकला. खोबऱ्याचा एक तुकडा पॅलेटमध्ये पडला. गुलालाचे कण ओल्या कागदाला लागले आणि बघता बघता पसरले. वरच्या उजव्या कोपऱ्यापासून शिखरापर्यंत गुलाबी ढग उमटला.

मी टॉवेल उचलला होता. टिपून घेतला असता तर थोडा निघाला असता. शेजारी नारळवाल्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा उभा होता. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की काका. आता जोतिबाचं वाटायलंय.”

राहू दिलं.

मागं उभं राहून बघणाऱ्या माणसांबद्दल सांगायलाच हवं. आउटडोअरला गेलेल्या चित्रकाराला एकटेपणा असतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पाचव्या मिनिटाला मागं माणूस येतो आणि तो गप्प राहत नाही. रंकाळ्याच्या काठी बसलं की कोल्हापूरकर हमखास विचारतो, “काय काढायलाय?” समोर रंकाळा आहे, कागदावर रंकाळा आहे, तरी विचारतो. मग दोन मिनिटं बघून निकाल देतो. एकदा एका आजोबांनी मला ऐकवलं, “आमच्या आबालालनं काढलाय बघा रंकाळा.” आता आबालाल रहिमान म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा हे सगळं शंभर वर्षांपूर्वी काढून गेलेत. त्यांच्याशी तुलना झाली की बोलायला तोंड राहत नाही. मी म्हटलं, “होय आजोबा, आम्ही आपलं गिरवतोय.” त्यावर आजोबा म्हणाले, “गिरवा, गिरवा. पण पाणी एवढं निळं कधी असतंय हो?” आणि खरंच, मी समोर न बघता सवयीनं निळा लावला होता. रंकाळ्याचं पाणी त्या दिवशी शेवाळी होतं.

वैशाखात वाईला गेलो. मेणवलीचा घाट बघितला नसेल असा निसर्गचित्रकार महाराष्ट्रात सापडणं अवघड. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेत उतरलेल्या पायऱ्या, देवळं आणि ती पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्यानंतर तिकडच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर मदर मेरी आहे आणि ती टांगलीय शंकराच्या देवळाशेजारी. सिनेमावाल्यांचाही हा घाट लाडका.

मे महिन्यातलं ऊन जलरंगाचं शत्रू. वरून सोडलेला वॉश कागदाच्या खालच्या कडेला पोचेपर्यंत वरचा वाळून जातो आणि मधे कडक रेघ राहते. त्याला उपाय म्हणजे कागद आधी पाठीमागून ओला करून घ्यायचा आणि सकाळी साडेनऊनंतर हट्ट करायचा नाही. मी दोन दिवस सहा ते साडेनऊ बसलो. दुसऱ्या दिवशी चित्र संपत आलं होतं. पायऱ्या, पायऱ्यांवरची तिरकी सावली, पाण्यातलं प्रतिबिंब. मनाजोगतं झालं होतं. मागं दोघी-तिघी बायका गोधड्या धुऊन पायऱ्यांवर वाळत घालत होत्या. त्यातल्या एकीनं पदरानं हात पुसत चित्र बघितलं, मग घाट बघितला, परत चित्र बघितलं.

“आमच्या गोधड्या कुठायत?”

मी काहीतरी पुटपुटलो. खरं कारण सांगायची लाज वाटली. मुंबईत रिकामा घाट विकला जातो. दगड, पाणी, सावली, फार तर एक पाठमोरी बाई डोक्यावर घागर घेऊन. घागर आता कोण नेतंय? पण चित्रात ती लागते. लाल-हिरव्या-पिवळ्या ठिगळांच्या गोधड्या आल्या की गिऱ्हाईक म्हणतं, “जरा गिचमीड वाटतं.” हे मला इतकं सवयीचं झालं होतं की माझे डोळे त्या गोधड्या आपोआप पुसून टाकत होते. त्या दिवशी मी मुक्काम वाढवला आणि तिसऱ्या सकाळी गोधड्यांसकट घाट पुन्हा काढला. घाईत झाला. एका गोधडीचा रंग दुसरीत उतरला. पण तिघीही येऊन बघून गेल्या आणि “ही माझी” असं प्रत्येकीनं बोट ठेवून सांगितलं. ओल्या रंगावर एकीचं बोटही उमटलंय.

मग पाऊस आला. कोल्हापुरात पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, “पाणी किती झालं?” म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आहे. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 साली ती 55 फुटांच्या वर गेली होती. त्या साली माझा कागदांचा गठ्ठा भिजला, तेव्हापासून कागद माळ्यावरच्या ट्रंकेत. घाटावरची देवळं पाण्यात बुडालेली असताना काढायला काय उरतं? काढण्यापेक्षा वाळवणंच जास्त. दमट हवेत वॉश तास-तास वाळत नाही, बायकोचा हेअर ड्रायर पळवावा लागतो. चित्रांवर बुरशीचे ठिपके पडू नयेत म्हणून ती उघडी ठेवायची, फिरवायची. याच दिवसांत माउंट, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, कापायचे, फ्रेमा बसवायच्या. जोतिबाचं चित्र चैत्रापासून माझ्या खोलीत खिडकीसमोर पिनांनी टांगलेलं होतं. श्रावणात त्याला माउंट लावून फ्रेम केली.

दसऱ्यानंतर मालवणला आठवडाभर राहिलो. तिथं रापण ओढताना काढायची होती. दोन्ही बाजूंनी दोर धरून माणसं किनाऱ्यावर ओढत असतात, जाळं समुद्रात अर्धगोल. माणसं एका जागी थांबत नाहीत, म्हणून आधी दोर काढायचा. दोराचा ताण नीट आला की माणसं त्यावर चारच फटक्यांत उभी राहतात. दोर सैल काढला तर माणसं नाचल्यासारखी दिसतात. माझी पहिली तीन चित्रं नाचली.

आणि मग मुंबई. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनाबद्दल वेगळं सांगायला नको. 1952 पासून आमच्या पिढ्यान् पिढ्यांची पंढरी आहे ती. तिथं तारीख मिळायला वर्षं लागतात. मी आणि माझ्या दोन मित्रांनी अर्ज केला तेव्हा माझी मुलगी सातवीत होती. तारीख आली तेव्हा ती अकरावीचा क्लास बुडवून बापाची चित्रं टांगायला आली. मंगळवारी सुरू, सोमवारी संपतं. रोज अकरा ते सात. चित्रं टेम्पोनं पाठवली होती. ट्रान्सपोर्टवाल्यानं ‘काच आहे’ हे वाचलं असावं, पण मनावर घेतलं नसावं. तीन काचा फुटल्या. आता काचेऐवजी ॲक्रिलिक शीट घालतो. चरे पडतात, पण फुटत नाही.

प्रदर्शनात दिवसभर उभं राहणं हे आउटडोअरपेक्षा दमवणारं काम. इथं मागं उभं राहून कुणी चूक काढत नाही. लोक “छान” म्हणतात आणि किमतीच्या कागदाकडे जातात. पूर्वी दुपारी कंटाळा आला की दालनाच्या आवारातच ‘समोवार’ नावाचं कॅफे होतं, 2015 साली ते बंद झालं. आता बाहेर जाऊन कटिंग पिऊन यायचं. बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसलेले असतात. त्यांच्याकडे गर्दी आमच्यापेक्षा जास्त.

दिवसातून दहादा येणारा प्रश्न, “पाण्याचे रंग टिकतात का हो?” त्याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे ना, ज्योतीवर तळहात धरलाय आणि बोटांमधून लाल उजेड झिरपतोय? पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. ते आमच्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे आणि ते जलरंगात आहे. कागद चांगला, रंग चांगला, थेट ऊन नाही, एवढं सांभाळलं की माणसापेक्षा जास्त टिकतं. हे ऐकलं की माणूस परत किमतीच्या कागदाकडे जातो.

शुक्रवारी संध्याकाळी हे भाषण मी सातव्यांदा संपवलं आणि एक गृहस्थ जोतिबाच्या चित्रासमोर थांबले. बराच वेळ. मग म्हणाले, “आकाशातला हा गुलाबी कुठल्या ट्यूबचा?”

“ट्यूबचा नाही. जोतिबाचा गुलाल आहे, यात्रेत उडालेला.”

त्यांचं आजोळ पन्हाळ्याकडचं निघालं. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून यात्रा केलेली. चेकबुक काढलं त्यांनी. किंमत बरी लावली होती आणि तोपर्यंत तिघांत मिळून चार चित्रांवरच लाल टिकली, म्हणजे विकलं गेल्याची खूण, लागली होती. मी म्हटलं, “साहेब, एक सांगतो. हा गुलाल उडून जाणार.”

माझ्या मित्रानं टेबलाखालून पाय दाबला.

पण खरं ते होतं. आताचा गुलाल म्हणजे बहुतेक पिठाला चढवलेला कृत्रिम रंग. तो उजेडात टिकण्यासाठी केलेलाच नसतो, अंघोळीला निघाला म्हणजे झालं. चैत्रात होता त्यापेक्षा तेव्हाच तो फिका पडला होता. मला रोज दिसत होतं, त्यांना कसं दिसणार? ते म्हणाले, “मग तुमच्या पक्क्या रंगानं त्याच्यावरून एक हात मारून द्या की.” सोपं होतं. दहा मिनिटांचं काम. चांगला टिकाऊ गुलाबी माझ्याकडे होता. मी “बघतो” म्हणालो. ते रविवारी येतो म्हणून गेले. रविवारपर्यंत मी ब्रश उचलला नाही आणि रविवारी ते आलेही नाहीत. मित्र दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, दालनाचं भाडं तिघांनी भरलं होतं.

रिकामा मेणवलीचा घाट मात्र पहिल्याच दिवशी गेला. गोधड्यांचा घाट परत आला.

माघात दोन स्पर्धांना चित्रं पाठवली, एक घेतलं, एक परत आलं. शाहू स्मारकातल्या आमच्या गावच्या प्रदर्शनात रापणीचं चित्र गेलं, तेही एका मालवणी डॉक्टरांकडे. तीन नाचऱ्या चित्रांनंतरचं चौथं. फाल्गुनात जमाखर्च बघितला. कागद, रंग, फ्रेमा, भाडं, टेम्पो, फुटलेल्या काचा, मालवणची खानावळ. बेरीज करून वही मिटली. यंदा नव्या फ्रेमा नकोत, जुन्याच वापरू असं घरात ठरलं.

म्हणून परवा शिमग्याच्या सुट्टीत जोतिबाची फ्रेम उघडली. पाठीमागचे खिळे काढले, ॲक्रिलिक बाजूला केलं, माउंट उचलला. आकाश करडं झालंय. गुलाबी आहे असं माहीत असेल तरच दिसेल. पण माउंटच्या कडेखाली पाव इंच पट्टी झाकलेली होती, श्रावणापासून तिला उजेड लागला नव्हता. तिथं गुलाल अजून चांगला लाल-गुलाबी आहे. पट्टीवर बोट फिरवलं तर कणही हाताला लागले.

मुलगी म्हणाली, “बाबा, माउंटची खिडकी थोडी मोठी कापली असती तर एवढं तरी दिसलं असतं.” मी म्हटलं, “मोठी कापली असती तर हेही उडालं असतं.” चित्र पाठ करून ट्रंकेत ठेवलंय. ती फ्रेम गोधड्यांच्या मेणवलीला बसली, मापही तेच, फुल इम्पिरियल, 22 बाय 30 इंच. त्या बाईच्या बोटाचा ठसा माउंटखाली झाकला जात होता, म्हणून खिडकी यावेळी अर्धा इंच मोठी कापली.

पाडवा आला आहे. नारळवाल्याला फोन करून ठेवलाय, गच्ची आहे म्हणाला. पोरगा आता माझ्यासाठी छत्री धरून उभा राहणार आहे. मी त्याला सांगितलं, धर, पण अगदी कागदावर नको.

नमस्कार.