इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो?

(दृश्य: स्टँडवर लावलेलं व्ही-८ इंजिन, पुढचं कव्हर काढलेलं. कॅमेरा नव्या कॅमशाफ्टवरून हळूहळू सरकतो.)

हा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. सोळा लोब (व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे), पाच जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) आणि मागच्या टोकाला डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा गिअर. तो बसणार आहे शेव्हरलेच्या ३५० घन इंची स्मॉल ब्लॉकमध्ये, म्हणजे ५.७ लिटरच्या इंजिनात. स्मॉल ब्लॉक बाजारात आलं १९५५ साली, २६५ घन इंचांचं. ३५० पहिल्यांदा १९६७ च्या कॅमॅरोत बसलं. तेव्हापासून अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांमध्ये हे इंजिन किती वेळा उघडलं आणि पुन्हा बांधलं गेलं असेल, त्याला मोजदाद नाही.

क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. इंजिन ६००० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) असेल तर कॅमचे सेकंदाला ५० फेरे होतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह तितक्याच वेळा उघडतो, मिटतो. कॅटलॉगमध्ये ‘ड्युरेशन २६८’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे क्रँकचे २६८ अंश फिरून होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा. वेळेत मोजलं तर जेमतेम साडेसात मिलिसेकंद. तेवढ्यात सिलिंडर भरायचा.

कॅम विकत घेणारा माणूस सहसा आधी बघतो लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो), मग ड्युरेशन, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी ऐकतो आवाज. उभ्या गाडीचा तो हेलकावणारा, अडखळणारा आवाज. रस्त्यावर चालवायच्या गाडीचा कॅम असा निवडू नये, असं आमचं ठाम मत आहे. आधी बघायचा तो वेगळाच आकडा: हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो?

(दृश्य: डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) आणि डायल गेज. क्रँक हाताने फिरतोय.)

पिस्टन तळाला पोचतो आणि वर यायला लागतो, तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. हे मुद्दाम केलेलं आहे. इंजिन वेगात असताना पोर्टमधून, म्हणजे हेडमधल्या वाटेतून, येणाऱ्या मिश्रणाला गती असते. पिस्टन उलट फिरला तरी ते आत घुसत राहतं आणि सिलिंडर जास्त भरतो. पण आरपीएम कमी असेल तर ती गती नसते. मग वर येणारा पिस्टन तेच मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ते जिथून आलं त्या नळ्यांमध्ये, ढकलतो.

३५० चा स्ट्रोक ८८.४ मिलिमीटर. व्हॉल्व्ह तळानंतर ६० अंशांनी मिटला, तर तोवर पिस्टन सुमारे १७ मिलिमीटर वर आलेला असतो. ७५ अंशांनी मिटला, तर २६ मिलिमीटर. खरं कम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबणं, तिथून पुढे सुरू होतं. कागदावर साडेआठला एक असलेलं इंजिन पहिल्या कॅमवर प्रत्यक्षात सातला एक दाबतं, आणि दुसऱ्यावर सव्वासहाला एक. इंजिन तेच, पिस्टन तेच, हेड तेच. बदलला फक्त कॅम, आणि कमी आरपीएमवरचा सगळा दम गेला.

साडेआठ हा आकडा उगाच घेतलेला नाही. जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासून आपल्या इंजिनांचं कम्प्रेशन उतरवलं. शिसं नसलेल्या पेट्रोलवर ती चालावीत, हे त्यामागचं कारण. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ ३५० त्यामुळे कमी कम्प्रेशनच्या आहेत. त्यांत रेसचा मोठा कॅम टाकला की गाडी सिग्नलवरून निघताना मरगळते, आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

कॅमच्या जोरावर इंजिन किती बदलतं, हे शेव्हरलेनेच दाखवलं होतं. १९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आणि कंपनीचे इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा कॅम, या जोडीवर २८३ घन इंचांच्या इंजिनाची अश्वशक्ती कंपनीने २८३ जाहीर केली. घन इंचाला एक! पण कारखान्याबाहेर ही विद्या त्याआधीच रुजली होती. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात तरुण पोरं जुन्या फोर्ड पळवायची. त्यांच्यातलेच एड इस्केंडेरियन. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते कॅम ग्राइंडिंगमध्ये, म्हणजे लोब घासून त्यांना आकार देण्याच्या धंद्यात, उतरले आणि पुढे त्यांचं नाव सगळ्या अमेरिकेत झालं.

(दृश्य: ग्राइंडिंग मशीन. दगड लोबला टेकतो, कूलंटची धार.)

आता आपलं उदाहरण. समजा १९७२ ची शेव्हरले नोव्हा आहे. वजन दीड टनाच्या आसपास, तीन गिअरची ऑटोमॅटिक, मागचा गिअर ३.०८ (चाकांच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे ३.०८ फेरे). (कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग (धुराच्या) चाचणीतून सूट आहे, म्हणून ही गाडी तिथे अडत नाही. त्यानंतरच्या गाडीला कॅम घेताना आधी कायदा बघावा लागतो.) या गिअरवर, २६ इंची टायरवर, ताशी १०५ किलोमीटरला इंजिन २६०० आरपीएमच्या जवळपास फिरतं. मालक आठवड्यातले बहुतेक दिवस गाडी इथेच चालवणार. मग ३००० च्या पुढे जागा होणारा कॅम त्याच्या काय कामाचा?

चांगला कॅम ग्राइंडर म्हणूनच ऑर्डर घेण्याआधी प्रश्नांची सरबत्ती लावतो. गाडीचं वजन, गिअर, टायरची उंची. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना जोडणारा) किती आरपीएमला पकडतो? हेडमधून कोणत्या लिफ्टला किती हवा जाते? पेट्रोल कोणतं? ब्रेकला इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर आहे का? शेवटचा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो, पण जिवाशी गाठ त्याचीच आहे.

कारण ओव्हरलॅप. एक्झॉस्ट अजून पुरता मिटलेला नाही आणि इनटेक उघडायला लागला आहे, असा तो मधला काळ. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये दाब कमी असतो, आणि जळालेला वायू सायलेन्सरकडे जायचा तो उलटा इनटेककडे ओढला जातो. मिश्रण खराब होतं, एखादा सिलिंडर मध्येच चुकतो. तो हेलकावणारा आवाज यातूनच येतो. त्याच्याबरोबर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमही घसरतो. कंपनीच्या कॅमवर गेज पाऱ्याचे १८ ते २० इंच दाखवतो. बराच खाली आला, तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक लागतं.

इथे लोब सेपरेशन कामाला येतं, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन. तो दोन अंशांनी वाढवला की ओव्हरलॅप चार अंशांनी कमी होतो. आपल्या नोव्हासाठी आम्ही ११२ अंश मागू. इनटेक ड्युरेशन २६४, आणि कॅम चार अंश पुढे, म्हणजे इनटेकचं शिखर पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून १०८ अंशांवर. हिशोब केला तर व्हॉल्व्ह तळानंतर बरोबर ६० अंशांवर मिटतो. जुन्या लोखंडी हेडचा एक्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या मानाने कमजोर असतो, म्हणून त्या बाजूला सहा अंश जास्त द्यायचे.

एक सावधगिरी. २६४ आणि २६८ हे जाहिरातीतले आकडे आहेत, आणि प्रत्येक कंपनी ते आपापल्या ठिकाणाहून मोजते. दोन कंपन्यांचे कॅम ताडून पाहायचे तर लिफ्टर (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे ढकलणारा भाग) १.२७ मिलिमीटर उचलला गेल्यावरचं ड्युरेशन बघावं.

(दृश्य: पिस्टनवर क्लेची पातळ वडी दाबली जाते.)

कॅम आला की लगेच बसवून मोकळं व्हायचं नाही. पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले लावायची, हेड बसवून बोल्ट कसायचे, क्रँक दोनदा फिरवायचा, पुन्हा उघडायचं आणि क्ले कापून जाडी मोजायची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा राहते ते कळतं. इनटेकला किमान दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच. स्प्रिंगही कॅमच्या जोडीच्याच हव्यात. टायमिंग चेनच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅम जागेवर बसला असं धरू नये. डिग्री व्हील लावून १०८ खरोखर १०८ आहे का ते बघावं.

हा कॅम फ्लॅट टॅपेटचा, म्हणजे रोलर नसलेल्या लिफ्टरचा आहे. डोळ्यांना सरळ दिसतो, पण त्याच्या लोबला अगदी बारीक उतार असतो आणि लिफ्टरचं तोंड किंचित फुगीर असतं. त्यामुळे लिफ्टर स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एका जागी होत नाही. एखादा लिफ्टर फिरायचा थांबला, तर लोब काही मिनिटांत गोल होतो. म्हणून आधी भरपूर असेंब्ली ल्युब, झिंक जास्त असलेलं तेल, आणि ड्रिलने पंप फिरवून तेलाचा दाब भरून घ्यायचा. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या नेहमीच्या तेलात झिंक कमी असतं, ते इथे चालत नाही.

(दृश्य: इंजिन सुरू होतं. टॅकोमीटर २००० च्या वर.)

पहिल्यांदा सुरू झालेलं इंजिन आयडलवर सोडायचं नाही. लोबवर तेल पोचतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेलं, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. वीस मिनिटं २००० ते २५०० च्या दरम्यान, आरपीएम थोडं वरखाली करत. मग इंजिन बंद करून तेल काढायचं, फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडायचा आणि लोखंडाची चकाकी दिसते का ते पाहायचं. दिसली नाही, तर नवं तेल भरून आयडल आणि इग्निशन टायमिंग लावायला घ्यायचं.