सीपीआर म्हणजे नुसता दवाखाना नव्हं

कोल्हापुरात रिक्षावाल्याला 'सीपीआर' म्हणालात की तो कुठला, कशाला काही न विचारता दवाखान्याच्या दारात नेऊन सोडतो, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आख्ख्या जिल्ह्याला याच नावानं माहितीय. आज आपण बघणार आहोत तो दुसरा सीपीआर, हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देऊन करायचा, आणि तो करताना माणसाचं डोकं ठिकाणावर कसं राहतं ते.

बेडवर पेशंट आहे. म्हणजे सरावाची डमी आहे, रबराची, पाय पण नाहीत तिला. तरी मॉनिटर कोकलायला लागला की बघा काय होतं, दोन डॉक्टर, तीन सिस्टर, एक ब्रदर, सगळ्यांना चांगलं माहितीय की हे खोटं आहे आणि सगळ्यांचे हात खरोखरचे थरथरतायत. डॉक्टर ओरडतात, "ऍड्रेनालिन द्या कुणीतरी!" आता कुणीतरी म्हणजे नक्की कोण? एका सिस्टरनं त्या हृदयाच्या औषधाची ऍम्प्यूल, म्हणजे काचेची कुपी, फोडली, तिला वाटलं आपल्यालाच सांगितलं, दुसरीनं पण फोडली, आणि दोघी सिरिंज हातात धरून एकमेकींकडं बघत उभ्या. डोस शेवटी कुणीच दिला नाही.

मग सगळ्यांना बसवून व्हिडिओ दाखवतात. नियम असा की दाब देणं दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबवायचं नाही. श्वासाची नळी घालताना डॉक्टरांना वाटलं होतं आपण पाच-सात सेकंद थांबलो असू, स्क्रीनवरचं घड्याळ 22 दाखवतंय. ते काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसले. टेन्शनमध्ये वेळेचा अंदाज असाच जातो, त्यात हुशारीचा काही संबंध नाही.

आपल्याकडं कुणी पण म्हणेल, यात नवीन ते काय, तालमीत वस्ताद हेच करतो की, तोच डाव शंभर वेळा घोटून घ्यायचा म्हणजे मैदानात आठवत बसायला नको. व्हय, घोटणं तेच आहे. पण वस्ताद शिव्या घालतो आणि पोरगं त्यातनं तयार होतं असं आपण मानतो ना, ते इथं चालत नाही. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या आयसीयूतल्या 24 टीमवर हाच प्रयोग झाला, 2015 साली छापून आला, काही टीमना बाहेरच्या तज्ज्ञानं सुरुवातीलाच जरा लागेल असं बोलायचं आणि मग केस द्यायची, तर त्या टीमचं निदान पण घसरलं आणि हातानं करायची कामं पण. आणि आपल्या वॉर्डात सिस्टरवर खेकसणं तर रोजचंच, त्याला कोण प्रेशर म्हणतच नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत डॉक्टरांना बेडच्या पायथ्याशी उभं केलंय, हात मागं बांधून, कशाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि सांगायचं. सांगायचं ते पण नाव घेऊन. सिस्टरनं ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, "ऍड्रेनालिन एक मिलिग्रॅम, शिरेतून", आणि दिल्यावर पुन्हा, "दिलं सर." पहिल्यांदा सगळ्यांना हसू येतं, शाळेत पाढे म्हणल्यागत वाटतं. तिसऱ्यांदा कोण हसत नाही.

ब्रदर छातीवर दाब देतोय, मिनिटाला 100 ते 120, खोली पाच सेंटिमीटर, सहाच्या वर नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. सांगायला सोपं आहे. जिम करणारा गडी पण दोन मिनिटांत ढिला पडतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही, मी बरा आहे, चालू द्या, असंच म्हणतो.

कोपऱ्यात वेळ लिहायला बसवलेली सिस्टर सगळ्यात ज्युनियर. ती घड्याळाकडं बघते, सरांकडं बघते, परत घड्याळाकडं.

"सर... दोन मिनिटं झाली. माणूस बदला."

सर वळून बघतात. "बरं. बदला."

ब्रदर बाजूला होतो, शर्ट पाठीला चिकटलाय. दुसरी सिस्टर स्टुलावर चढते, तळवे ठेवते, कोपरं ताठ करते. एक, दोन, तीन, चार...