गादी गेलेला युवराज

श्रोतेहो, नमस्कार.

8 नोव्हेंबर 1918 या दिवशी जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात एका मुलाला बारा वर्षं पूर्ण झाली. नाव गेऑर्ग डोनाटुस, घरचे त्याला डॉन म्हणत. वडील एर्न्स्ट लुडविग हे हेसे संस्थानाचे ग्रँड ड्यूक आणि हा त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे युवराज. दुसऱ्याच दिवशी, 9 नोव्हेंबरला, शहरातल्या कामगार आणि सैनिकांच्या समितीनं वडिलांना पदावरून दूर केल्याचं जाहीर केलं. वडिलांनी राजीनामा द्यायला नकार दिला, पण त्यानं काही फरक पडला नाही. गादी गेली. वाडे, जमीनजुमला बराचसा राहिला, आणि लोकांच्या तोंडी युवराज ही पदवीही राहिली. पुढची एकोणीस वर्षं डॉन वारस होता, पण ज्याचा वारस ते राज्यच उरलं नव्हतं.

या घराण्याची नाती सांगायला लागलं की आपल्या नात्यांचे शब्द फार कामी येतात. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया ही डॉनची पणजी. रशियाची शेवटची झारीण अलेक्झांड्रा ही सख्खी आत्या. जुलै 1918 मध्ये बोल्शेविकांनी तिला नवरा आणि पाचही मुलांसकट गोळ्या घातल्या. दुसरी आत्या एलिझाबेथ, जी विधवा झाल्यावर मॉस्कोत मठ काढून राहिली होती, तिलाही दुसऱ्याच दिवशी मारलं. थोरल्या आत्याचा धाकटा मुलगा तर आपल्या चांगला ओळखीचा आहे. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन. डॉनचे ते आतेभाऊ.

आपला आणखी एक धागा डार्मस्टाटला जाऊन मिळतो. जून 1921 मध्ये रवींद्रनाथ टागोर या शहरात आले. तत्त्वज्ञ काउंट कायझरलिंग यांनी आदल्या वर्षी तिथं ज्ञानशाळा सुरू केली होती आणि तिला पदच्युत ग्रँड ड्यूकांचा आश्रय होता. टागोर त्यांच्याच वाड्यात पाहुणे म्हणून उतरले. आठवडाभर बागेत लोक जमायचे, प्रश्न विचारायचे, टागोर इंग्रजीत बोलायचे आणि कायझरलिंग ते जर्मनमध्ये सांगायचे. युद्ध हरलेल्या, पोळलेल्या लोकांना पूर्वेकडून काहीतरी ऐकायचं होतं. गादीवरून उतरलेला राजा असा यजमान होतो, हे मला त्याच्या राज्यकारभारापेक्षा मोलाचं वाटतं. खरं तर राज्य असतानाही एर्न्स्ट लुडविग यांचा जीव कलेतच होता. 1899 मध्ये त्यांनी माटिल्डनह्योअ टेकडीवर कलावंतांची वसाहत वसवली. 1905 साली एलेओनोरेशी त्यांचा दुसरा विवाह झाला, त्याची आठवण म्हणून शहरानं तिथं एक मनोरा बांधला. त्याचा माथा वर उचललेल्या हाताच्या पाच बोटांसारखा दिसतो. आज ती टेकडी जागतिक वारसा यादीत आहे.

डॉनचं लग्न 2 फेब्रुवारी 1931 ला झालं. वधू ग्रीसची राजकन्या सेसिली, म्हणजे आतेबहीण अॅलिसची मुलगी. सेसिलीचा धाकटा भाऊ फिलिप पुढे इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा नवरा झाला. डॉन आणि सेसिलीला तीन मुलं झाली, लुडविग, अलेक्झांडर आणि सर्वांत धाकटी योहाना.

इथं एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. मे 1937 मध्ये डॉन आणि सेसिली दोघंही नाझी पक्षाचे सभासद झाले. पुढे जे घडलं ते इतकं करुण आहे की सांगणारे हा भाग हळूच गाळतात. मला ते पटत नाही. दुःख मोठं असलं म्हणून माणसानं केलेली निवड पुसली जात नाही.

9 ऑक्टोबर 1937 ला एर्न्स्ट लुडविग वारले. डॉन घराण्याचा प्रमुख झाला. धाकटा भाऊ लुडविग याचं लग्न लंडनला मार्गारेट गेडिस हिच्याशी ठरलं होतं, ते सुतकामुळं पुढे ढकललं गेलं. नव्या तारखेसाठी 16 नोव्हेंबरला सगळे विमानानं निघाले. डॉन, पुन्हा दिवस गेलेली सेसिली, दोन्ही मुलगे, आई एलेओनोरे, मुलांची दाई आणि दोन स्नेही. योहाना जेमतेम चौदा महिन्यांची, तिला घरी ठेवलं होतं. बेल्जियन कंपनीचं तीन इंजिनांचं युंकर्स विमान बेल्जियममधल्या ऑस्टेंड शहराजवळ दाट धुक्यात उतरू पाहत असताना विटांच्या कारखान्याच्या उंच धुराड्यावर आदळलं. वैमानिकांसह अकराही जण ठार झाले. ढिगाऱ्यात नवजात बाळाचे अवशेष मिळाले. त्यावरून सेसिली विमानातच बाळंत झाली आणि म्हणून विमान उतरवायचा प्रयत्न झाला, अशी कथा पसरली. पण पोटातलं बाळ अपघातातही बाहेर फेकलं जाऊ शकतं, तेव्हा त्या अवशेषांवरून एवढं सगळं ठरवू नये.

लग्न मोडलं नाही, उलट अलीकडं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच, मोजक्या माणसांत आणि शोकाच्या पोशाखात ते झालं. नवरानवरी तिथून ऑस्टेंडला गेली.

फिलिप तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळेत शिकत होता. बहीण गेल्याचं त्याला मुख्याध्यापक कुर्ट हान यांनी सांगितलं. हान ज्यू, नाझींमुळं जर्मनी सोडून आलेले. आणि डार्मस्टाटच्या अंत्ययात्रेत फिलिपच्या आजूबाजूला चालत होते नाझी गणवेशातले मेव्हणे-पाहुणे. त्याच रांगेत ब्रिटिश आरमाराच्या गणवेशात माउंटबॅटन होते. दोन वर्षांत ही माणसं एकमेकांविरुद्ध लढणार होती.

लोक याला हेसे घराण्याचा शाप म्हणतात. त्यासाठी तारखाही जुळवतात. 1878 मध्ये डॉनची चिमुकली आत्या मारी घटसर्पानं गेली, तीही 16 नोव्हेंबरलाच. महिन्याभरात तिची आई, म्हणजे व्हिक्टोरियाची मुलगी अॅलिस, त्याच दुखण्यानं गेली. त्याआधी 1873 मध्ये डॉनचा लहानगा काका खिडकीतून पडला. त्याला रक्त न गोठण्याचा आजार होता, त्यामुळं तो वाचला नाही. शनिवारवाड्यात नारायणरावाची हाक ऐकू येते म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना या कथा आवडतील. पण एकेक प्रसंग सुटा करून बघा. घटसर्पाला तेव्हा औषध नव्हतं. रक्ताचा आजार राजघराण्यांच्या रक्तातूनच आला. रशियात क्रांती झाली. ऑस्टेंडला धुकं होतं आणि वाटेत धुराडं होतं. शाप म्हटलं की यातलं काहीच समजून घ्यावं लागत नाही, आणि नाझी पक्षाच्या सभासदत्वाबद्दलही कुणी विचारत नाही.

योहानाला काका-काकूंनी दत्तक घेतलं. 14 जून 1939 ला मेंदूच्या आवरणाच्या तापानं तीही गेली, तेव्हा तिला तिसरं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. डार्मस्टाटच्या रोझनह्योअ बागेत आईवडिलांजवळ तिला पुरलं.

लुडविग आणि मार्गारेट यांना मूल झालं नाही. दोघं शहराजवळच्या वोल्फ्सगार्टन वाड्यात राहिली. 1960 मध्ये त्यांनी हेसे-कासेल शाखेतल्या मोरित्स या तरुण वारसाला दत्तक घेतलं. हेसेचे तेव्हाचे सत्ताधीश, लँडग्रेव्ह फिलिप, यांच्या मृत्यूनंतर 1567 मध्ये चार मुलांत हेसेची वाटणी झाली होती आणि तेव्हापासून कासेल आणि डार्मस्टाट ही भाऊबंदांची दोन घरं वेगळी होती. 1968 मध्ये लुडविग वारले आणि दोन्ही घरांचं प्रमुखपद एका माणसाकडं, मोरित्सच्या वडिलांकडं, आणि त्यांच्यानंतर मोरित्सकडं आलं. कागदोपत्रीच, अर्थात. तोवर पश्चिम जर्मनीतलं हेसे राज्य निवडून आलेलं सरकार चालवत होतं.

नमस्कार.