कोरडं फडकं बाजूला ठेवा

(बेळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सकाळी साडेसहा-सातला टिळकवाडीत, शहापुरात, अनगोळात कुठल्याही गल्लीत शिरा, कुणी ना कुणी दारातली गाडी पुसताना दिसेलच. हातात जुनी बनियन, नाहीतर पिवळं फडकं, गाडीवर रात्रभराची तांबडी धूळ, आणि गोल गोल हात फिरवणं चालू. मी रंगाच्या बूथमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. मला विचाराल तर आपल्या भागातल्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच पाच मिनिटांत होतं. ऊन, पाऊस, पक्षी यांचा नंबर त्यानंतरचा. आज बोलायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

आपली माती कशी आहे बघा. खानापूरकडं, बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची तांबडी माती. तिच्यात लोखंडाची संयुगं आणि वाळूचे बारीक कण. चिकोडी-अथणीकडं काळी माती. ती ओली असताना चिखल होऊन चिकटते, वाळली की चाकांच्या वरच्या पोकळीत ढेकळं होऊन बसते. वाळूतला गारगोटीचा कण खनिजांच्या कठीणपणाच्या मापात ७ वर येतो आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे जो कण काचेला ओरखडा काढू शकतो, तो आपण फडक्याखाली धरून रंगावर घासतो. गाडीचा वरचा थर तर काचेपेक्षा पुष्कळ मऊ.

हा थर म्हणजे काय ते नीट समजून घेऊया, पुढचं सगळं त्यावरच आहे. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर बसतो, त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाला धरून ठेवणारं अस्तर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. आम्ही त्याला क्लिअर कोट म्हणतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. गाडीची चकाकी म्हणजे हाच थर, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला हाच वाचवतो. तो गेला की टपावर आणि बॉनेटवर पांढरट पोपडे धरतात. एकदा तिथवर गेलं की पॉलिशनं काही होत नाही, नव्यानं रंगवावंच लागतं.

आता एक करून बघा. रात्री काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर मोबाइलची टॉर्च धरा. उजेडाच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतील. ओरखडे असतात सगळ्या दिशांना, पण जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल वाटतात. पांढऱ्या गाडीवरही ते तेवढेच असतात, फक्त नजरेत भरत नाहीत. जवळजवळ प्रत्येक रेघ फडक्याची, झाडणीची नाहीतर घाणेरड्या स्पंजची.

म्हणून पहिला नियम असा, की कोरड्या गाडीला हात लावायचा नाही. धूळ बसली असेल तर बसू द्या. नुसती बसलेली धूळ रंगाला काही करत नाही. समोरची काच आणि आरसे पुसा, तेवढं सुरक्षेसाठी हवंच. बाकी गाडी आठ-दहा दिवसांनी एकदा नीट धुवा.

धुवायचं म्हटलं की पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो खरा आहे. आपल्याकडं पुष्कळ वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरात टंचाई पडली तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुवायला बंदी घातली होती, ५,००० रुपये दंड ठेवला होता. ती वेळ आपल्यावर यायची वाट बघू नये. पाइप लावून अर्धा तास पाणी सोडायची गरजच नाही. शेतात वापरतात तसला फवारणीचा पंप घ्या, पण नवा घ्या आणि फक्त गाडीसाठी ठेवा. ज्यात एकदा तणनाशक भरलं तो पंप या कामाला आणू नका, कितीही धुतला तरी. पंपानं वरून खाली पाणी मारत चला. गाडी पहिल्यांदा भिजू द्या, दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा मारा. धुळीचा मोठा वाटा हात न लावता खाली उतरतो. धुण्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि लोक नेमकं हेच टाळतात.

मग दोन बादल्या. एकीत शांपू कालवलेलं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक दार पुसायचं, आणि परत शांपूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा. सुरुवात टपावरून, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा पट्टा, बंपर आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्यांना वेगळं फडकं. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको. शेवटी त्या साध्या पाण्याच्या बादलीत हात घालून तळ चाचपा. बोटांना रवाळ लागेल. तेवढी माती एरवी रंगावर फिरली असती.

शांपू गाडीचाच घ्या. कपड्याची पावडर अल्कधर्मी असते. एका धुण्यात ती रंग खात नाही, पण आधी लावलेलं मेण पार काढून टाकते आणि दारांची, काचांची रबरं कोरडी पाडते. काही जण धुतल्यावर चमक यावी म्हणून डिझेल नाहीतर खोबरेल तेलाचा हात मारतात. चमक दुपारपर्यंत टिकते, त्यावर धूळ मात्र आठवडाभर चिकटत राहते. शिवाय डिझेलनं रबर फुगतं. हे आजच बंद करा, कळकळीनं सांगतो.

बोअरच्या पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्याचा त्रास घरोघरी आहे. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उन्हात वाळला की पाणी उडून जातं आणि क्षाराचं पांढरं कडं मागं राहतं. तापलेल्या बॉनेटवर ते पक्कं बसतं. म्हणून गाडी सावलीत धुवा, पत्रा गार असताना धुवा, आणि शेवटचं पाणी पडलं की लगेच टॉवेलनं टिपून घ्या. टिपायचं, घासायचं नाही. डाग आधीच पडले असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यानं डागावर ठेवा, अर्ध्या-एक मिनिटानं भरपूर पाण्यानं धुवा. आणि पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी धरत जा की! पहिले दोन-चार पाऊस कौलं-पत्रे धुऊन जाऊ द्यात, मग पिंप लावा. त्या पाण्यात क्षार नावालाही नसतो. शेवटच्या हाताला त्याच्यासारखं दुसरं पाणी नाही.

पक्ष्यांची घाण दिसली तर मात्र रविवारची वाट बघू नका. ती आम्ल असते, त्यात ऊन मिळालं की क्लिअर कोटमध्ये खड्डा पडतो. ओलं फडकं तिच्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की अलगद उचला. चिंचेचा-आंब्याचा चीक, ऊस पट्ट्यात गाळपाच्या दिवसांत पडणारी काजळी, याचंही तसंच. काजळी पुसायला गेलात तर फासली जाते, आधी पाणी मारूनच उतरवा.

उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला गाडी लावणाऱ्यांना वेगळा अनुभव असेल. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात, धुऊन जात नाहीत, आणि मालकाला वाटतं पत्रा गंजला. पत्रा ठीक असतो. फौंड्रीच्या, ग्राइंडिंगच्या कामातून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून तिथंच गंजलेले असतात. रेल्वे रुळांजवळ आणि स्वतःच्या ब्रेकच्या धुळीनंही हे होतं. ओळखायची रीत सोपी. गाडी धुऊन घ्या, ओली असतानाच हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटं बॉनेटवरून हलकेच फिरवा. उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटत होतं ते पिशवीतून खरखरीत लागेल. त्यावर लोखंड विरघळवणारा फवारा मिळतो. तो मारला की ठिपक्यांच्या जागी जांभळे ओघळ येतात, वास उग्र असतो, हवेशीर जागी वापरा आणि वाळायच्या आत धुऊन टाका. तरी खरखर राहिली तर क्ले बार, म्हणजे मातीसारखी मऊ वडी. शांपूच्या पाण्यानं पृष्ठभाग निसरडा ठेवून ती दाब न देता फिरवायची. वडी खाली पडली तर टाकून द्या.

आता पॉलिश. पॉलिशनं ओरखडा भरून निघतो असा समज आहे. होतं उलटं. पॉलिशमध्ये बारीक कण असतात, ते ओरखड्याच्या कडेचा क्लिअर कोट झिजवतात आणि पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. एका खेपेला सौम्य पॉलिशनं एक-दोन मायक्रॉन, कंपाउंडनं, म्हणजे जाड कणांच्या पॉलिशनं, त्याहून जास्त. हातात आहेत ३५-५० मायक्रॉन, आणि त्यातलाही वरचा थोडाच भाग धोक्याविना घालवता येतो. म्हणून दर दिवाळीला ‘रबिंग’ करून घेणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं. गाडी चकचकीत होऊन येते खरी, पण प्रत्येक खेपेला आयुष्य कमी करून. त्यात वेगानं फिरणारं रोटरी मशीन आणि घाईतला हात असला तर कडेला रंग जळतो. बंपर प्लास्टिकचा, त्यातून उष्णता निघून जात नाही, तिथं तर क्षणात.

घरी करायचंच असेल तर हातानं करा किंवा ड्युअल अॅक्शन मशीननं करा. हे मशीन फिरतं आणि हलतंही, त्यामुळं एका जागी तापत नाही. आधी नखाची परीक्षा घ्या. ओरखड्यावरून नख नेताना ते अडकलं तर तो पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा, सोडून द्या. नसेल अडकत तर सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन फूटभर जागेवर आधी करून बघा. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पुरतात. दोन फूट चौरसाहून मोठी जागा एका वेळी घेऊ नका. कडांवर आणि रबरांवर मास्किंग टेप लावा, कारण कडेला रंग मुळातच पातळ असतो. समाधानकारक दिसलं की थांबा. शंभर टक्के ओरखडे काढायचा हट्ट घरात धरू नये.

पॉलिशनंतर रंग उघडा असतो, त्यावर संरक्षण हवं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून काढलेलं कार्नोबा मेण आपल्या उन्हात महिना-दोन महिने टिकतं. कृत्रिम सीलंट, म्हणजे मेणासारखाच लावायचा रासायनिक लेप, चार-सहा महिने. दोन्ही पातळ लावायचं, जाड लावून फायदा शून्य, पुसताना खांदा तेवढा दुखतो. मी मृगाच्या आधी एकदा आणि खंडेनवमीच्या आधी एकदा सीलंट लावायला सांगतो. खंडेनवमीचं कारण खास आहे. आपण बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढतो, बाजारी कुंकवाचा रंग हलक्या रंगाच्या गाडीत मुरतो. आधी सीलंट असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्यानं निघून जातं. हार तारेत ओवलेला असेल तर त्याची तार बॉनेटला टेकू देऊ नका. दोऱ्यातला घ्या, आणि धारवाडपर्यंत तसाच फडफडत नेऊ नका.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर लावल्यावर वाळून कडक पारदर्शक थर होणाऱ्या द्रवाबद्दल, सगळे विचारतात. चांगली गोष्ट आहे. पाणी आणि घाण टिकू देत नाही, नीट केलं तर दोन-तीन वर्षं चालतं. पण डब्यावरचं ‘९ एच’ हे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे, खनिजांचं नव्हे. वाळूचा कण त्यालाही ओरखडतो. कोटिंग केलं म्हणून कोरडं फडकं चालतं असं नाही. आणि खाली ओरखडे ठेवून वर कोटिंग केलं तर ते ओरखडे खाली तसेच अडकून राहतात, जात नाहीत. नव्यानं रंगवलेल्या भागावर मात्र महिनाभर तरी मेण, सीलंट, कोटिंग काहीच नको. आतले द्रावक बाहेर पडायला वाट हवी.

गाडीवर कव्हर घालणाऱ्यांनी एवढं बघा, की खाली धूळ नाही ना. धुळीवर कव्हर आणि वर आपला पश्चिमेचा वारा, म्हणजे दिवसभर घासणं चालू. पावसाळ्यात ओलं कव्हर अंगावर ठेवण्यापेक्षा गाडी उघडी भिजलेली परवडली.

चोर्ला घाटानं गोव्याला जाणाऱ्यांच्या बॉनेटच्या पुढच्या कडेला खडीचे टिपके पडलेले असतात. पत्रा दिसत असेल तर ते पावसाळ्याआधी बुजवा. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. तो सांगून टच-अपची बाटली घ्या. टिपका धुऊन, वाळवून, गंज असेल तर खरवडून, आगपेटीच्या काडीच्या टोकानं रंगाचा थेंब ठेवा. ब्रश नको, तो कडेबाहेर पसरवतो. एक थर वाळला की दुसरा. पृष्ठभागाशी सपाट झाला नाही तरी चालेल, पत्र्याला पाणी लागता कामा नये.